१९८३ ची ९११ एससी, घरच्या गॅरेजमध्ये इंजिन उतरवायचंय: मागून किती आणि कशावर उचलू?

सहा_सिलिंडर (न्यू जर्सी)

गाडी १९८३ ची पोर्श ९११ एससी, ३.० लिटर, ९१५ गिअरबॉक्स. वाल्व्ह ॲडजस्ट करताना खालच्या ओळीतला एक हेड स्टड (सिलिंडरचं डोकं केसला आवळून धरणारा लांब बोल्ट) तुटलेला सापडला. डिलावारचेच (तुटण्यासाठी बदनाम मिश्रधातू) आहेत, म्हणजे बाकीच्यांचाही भरवसा नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र खाली उतरवायचं ठरवलंय.

गॅरेज दोन गाड्यांचं, काँक्रीटची फरशी, दाराकडे किंचित उतार. छत नेहमीचं, त्यामुळे दोन खांबी लिफ्ट बसणार नाही. हाताशी आहे ते असं: तीन टनी ट्रॉली जॅक (कमाल उंची १९ इंच), तीन टनी स्टँडची एक जोडी, मोटरसायकल उचलायचा सपाट जॅक, आणि मदतीला एक माणूस.

प्रश्न तीन. मागची बाजू किती उचलावी लागते? स्टँड नेमके कुठे लावायचे, कारण गाडीच्या दाराखालच्या जॅकच्या खाचांचा मला भरवसा वाटत नाही? आणि सगळे म्हणतात जॅक इंजिनखाली लावा, तर ते इंजिनला चालतं का?

---

पाणसळ

आधी तिसऱ्या प्रश्नाचं, कारण खरी गोम तिथे आहे. इंजिनखाली जॅक लावून मागची बाजू उचलता येते, क्रँककेस (इंजिनचं मुख्य कवच) तेवढा भार सहज घेते. पण तो भार केसवरच आला पाहिजे. संप-प्लेटचे (केसच्या तळाच्या तेलाच्या झाकणाचे) नट एम६ चे, म्हणजे बारीक ६ मिलिमीटरचे आहेत, त्यांच्यावर गाडी तोलायची नाही. हीट एक्स्चेंजर, ऑइल रिटर्न ट्यूब, तेलाच्या लाइनी यांना तर जॅक शिवताही कामा नये. सागवानासारख्या घट्ट लाकडाचा (तिकडे ओक मिळेल) दोन इंची ठोकळा घ्या, मध्ये प्लेटच्या आकाराची खाच काढा, म्हणजे ठोकळा प्लेटच्या भोवती केसला टेकेल.

आता गोम. ज्या इंजिनवर गाडी चढवली, तेच इंजिन काढून घेतल्यावर गाडी उतरवणार कशावर? हा प्रश्न बहुतेकांना इंजिन डॉलीवर (चाकं लावलेल्या ठेंगण्या पाटावर) आल्यावर पडतो. तेव्हा मागे जॅक लावायला जागाच उरत नाही, मग कोणीतरी इंजिन-बेच्या पत्र्याला जॅक लावतो आणि त्याला पोचा पाडतो. त्यामुळे चढवण्याआधीच उतरवायची जागा ठरवून ठेवा.

ती जागा म्हणजे मागची टॉर्शन ट्यूब. मागच्या चाकांच्या पुढे, गाडीच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आडवी जाते. तिच्या दोन्ही टोकांना, स्प्रिंग प्लेटच्या गोल झाकणांपाशी, मागचे स्टँड लावा. स्टँडच्या खोबणीत मधोमध चर काढलेला हॉकी पक (आइस हॉकीची घट्ट रबरी चकती) ठेवा, म्हणजे गोल ट्यूब घसरत नाही. इंजिन निघाल्यावर जॅक याच ट्यूबखाली लागतो, स्टँडपासून वीतभर आत. ट्यूबच्या मध्याकडे जाऊ नका, तिथे गिअर रॉड आणि केबलींची गर्दी आहे.

दाराखालच्या खाचांबद्दलचा तुमचा संशय रास्त आहे, पण कारण फक्त गंज नव्हे. या गाडीला दर बाजूला एकच खाच असते आणि तिच्यावर अख्खी बाजू उचलली जाते. म्हणजेच ती गाडीच्या तोलाच्या अगदी जवळ आहे. टायर बदलायला ते सोयीचं, पण स्टँड तिथे लावलात तर गाडीचा सीसॉ होतो. इंजिन असेपर्यंत शेपूट जड, इंजिन गेलं की नाक जड.

किती जड, याचा ढोबळ हिशोब मांडतो. गाडी १२०० किलो धरा, पुढे ४८० आणि मागे ७२०. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून २८० धरा. या जोडीचा तोल मागच्या ॲक्सलच्याही मागे, फूटभर अंतरावर येतो. चाकांमधलं अंतर २२७२ मिलिमीटर. हे वजन काढलं की मागून ३१५ च्या आसपास कमी होतात आणि पुढे ३५ वाढतात. वाढतात, कारण मागे लोंबणारं इंजिन पुढची बाजू तरफेसारखी उचलून धरत होतं. उरलेल्या ९२० पैकी पुढे ५१५, मागे ४०५. सकाळी साठ टक्के मागे असलेली गाडी संध्याकाळी छप्पन टक्के पुढे. त्यात पेट्रोलची टाकी पुढे. ८० लिटर भरलेली असेल तर नाकावर आणखी साठ किलो. टाकी पाव भागावर आणा, आगीच्या दृष्टीनेही तेच बरं.

यातून पुढच्या स्टँडची जागा ठरते. ते जितके पुढे तितके चांगले. पुढच्या ए-आर्मची (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याची) मागची बिजागरी क्रॉसमेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या तुळईच्या) टोकाला बसते, तिथे स्टँड. पुढच्या बिजागरीच्या कंसाखाली जॅक. एका बाजूला जॅक आणि स्टँड यांना वेगवेगळी जागा मिळते, हा या गाडीचा फायदा. टाकीच्या तळाच्या पत्र्याला हात लावू नका.

चढवायचा क्रम असा. हँडब्रेकवर विसंबू नका, तो मागच्या चाकांवर चालतो आणि ती हवेत जाणार आहेत. गिअरचंही तेच. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे, स्टिअरिंग सरळ. मागची बाजू इंजिनखालून उचलून ट्यूबखाली स्टँड, पहिल्या खेपेला खालच्या खाचेवर. मग पुढची बाजू. मग पुन्हा मागची. एका वेळी चार-पाच इंचांच्या वर नाही.

नुसती मागचीच बाजू एका दमात उचलली तर दोन गोष्टी होतात. मागची चाकं ६० सेंटिमीटर वर गेली की गाडी पंधरा अंशांनी झुकते. पुढचा बंपर चाकांच्या बराच पुढे आहे, तो वीतभर खाली येऊन फरशीला टेकतो. आणि ॲक्सलमधलं आडवं अंतर आठ सेंटिमीटरने आखडतं. म्हणजे तेवढं जॅकला पुढे सरकावं लागतं. जॅकचं चाक फरशीच्या भेगेत किंवा सांडलेल्या वायसरवर अडकलं, तर जॅक थांबतो आणि ठोकळा सरकतो. उचलण्याआधी फरशी झाडून घ्या. जॅकचं हँडल मारताना डोळे हँडलवर नकोत, जॅकच्या चाकांवर ठेवा.

तीन टनी स्टँड मागे पुरणार नाहीत. वजनाला पुरतील, उंचीला नाही. त्यांची कमाल साधारण १७ इंच असते. सहा टनी जोडी आणा, ती १५-१६ पासून २३-२४ पर्यंत जाते. तीन टनी जोडी पुढे वापरा. अमेरिकेत स्टँडवर लिहिलेला भार बहुधा जोडीचा असतो, एकाचा नव्हे, तेवढं लेबल वाचा. आणि २०२० मध्ये तिथल्या एका मोठ्या दुकान-साखळीने दातेरी स्टँड परत मागवले होते. खटका दात्यात पुरता बसत नव्हता. जुने कुठून आणलेत तर ती यादी तपासा. दातेरी असोत की आडव्या खिळीचे, भार टाकण्याआधी खटका हाताने खाली दाबून दात पूर्ण धरलाय का ते पाहा.

---

उलटं_गणित

पाणसळ यांचं सगळं पटलं, फक्त उंचीचा प्रश्न त्यांनी अर्धवट सोडला. तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं.

पहिलं, किती उंची लागते ते मोजून काढा, कुणाचा आकडा उसना घेऊ नका. डॉलीची उंची, अधिक इंजिनच्या तळापासून त्यावर राहिलेल्या सर्वात उंच भागापर्यंतची उंची, अधिक दोन इंच. गाडीच्या मागच्या पत्र्याचा खालचा काठ एवढा वर गेला पाहिजे. समजा डॉली ४, इंजिन २५, वाव २, म्हणजे ३१. बंपर आणि त्याखालची पट्टी काढली तर काठ बराच वर मिळतो, एअर क्लीनरचा डबा काढला तर इंजिन ठेंगणं होतं. बंपर काढायला अर्धा तास लागतो आणि उचलायचे चार-पाच इंच वाचतात. माझ्या मते बंपर न काढणं हा चुकीचा आळस.

दुसरं, मोटरसायकल जॅकची पोच. तो खाली साधारण साडेचार इंच, वर पंधरा-सोळा. गाडी आधीच कमाल उंचीवर नेलीत तर इंजिनचा तळ जमिनीपासून सव्वीस इंचांवर जातो. जॅक तिथे पोचत नाही. मग जॅकवर दहा इंच लाकडं रचायची, त्यावर पावणेतीनशे किलो ठेवायचे आणि तसंच खाली आणायचं. खाली आल्यावर तीच दहा इंच लाकडं तुमच्या उंचीच्या मुळावर येतात. म्हणजे लाकडापायी गाडी आणखी उचला, आणि गाडी उचलली म्हणून आणखी लाकूड.

म्हणून उलट करा. इंजिन गाडीतून खाली काढू नका, गाडी इंजिनवरून वर उचला.

टॉर्शन ट्यूब १५-१६ इंचांवर येईल एवढीच गाडी चढवा. खाली झोपून हात चालवायला तेवढं पुरतं. सगळं सुटं करा. मोटरसायकल जॅक इंजिनखाली घ्या. जोडीचा तोल इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याच्या थोडा मागे, इंजिनच्या बाजूला येतो. सांध्यापासून वीतभर मागे धरा. आधी जरासा भार जॅकवर घेऊन चारही माउंटिंग बोल्ट बोटांनी फिरतात का पाहा. फिरत नसतील तर तोल चुकलाय, जॅक पुढे-मागे करा. बोल्ट हातोडीने ठोकून काढावा लागला तर समजा की तो बोल्ट अजून वजन धरून आहे. बोल्ट निघाले की पट्ट्याने इंजिन जॅकला बांधा आणि एकेक इंच खाली. दर दोन इंचांना थांबून टॉर्चने वर बघा.

इंजिन पूर्ण खाली बसलं की आता मागची बाजू जेमतेम चारशे किलोची आहे. ट्यूबखाली दोन्ही बाजूंना एकेक जॅक लावा, दोन माणसं, डावी-उजवी आळीपाळीने एकेक खाच. दोन्ही बाजूंत एका खाचेपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका, नाहीतर गाडी आडवी कलते आणि पलीकडच्या स्टँडचा पाय उचलला जातो. मागचा काठ हिशोबाला आला की इंजिन मागे ओढून घ्या.

हे वर उचलण्याचं काम चालू असताना खाली कोणीही नको. हात घालून केबल सोडवायचा मोह होतो. थांबा, खटके बसवा, मग हात घाला.

आणि इंजिन बाहेर आलं की त्याच दिवशी गाडी पुन्हा १५ इंचांवर किंवा त्याहून खाली आणा. स्टड, पिस्टन, मशीन शॉप म्हणता म्हणता तीन महिने जातात. तेवढे दिवस गाडी शिखरावर ठेवायचं कारण नाही.

---

सहा_सिलिंडर

हे एकदम पटलं. एक शंका. स्टँडऐवजी मागची चाकंच लाकडाच्या चौकटींवर चढवून ठेवली तर? चाकं गाडीलाच जोडलेली, घसरायचा प्रश्न नाही. दुसरी शंका फरशीची. उतार मोजला, गाडीच्या लांबीत साधारण इंचभर येतो.

---

फळीवाला

चौकटी चांगल्या, स्टँडपेक्षा कधीकधी जास्तच. फक्त नीट बांधा.

दोन बाय चारच्या फळ्या, १६ इंच लांब, थरात तीन. पुढचा थर आडवा. दर थराला स्क्रू, खिळे नव्हेत, खिळा कालांतराने ढिला होतो. सगळ्यात वर दोन्ही बाजूंना एकेक फळी कडेला, म्हणजे टायर गडगडत नाही. उंची पायाच्या रुंदीपेक्षा जास्त होऊ देऊ नका. १६ इंच पाया तर १६ इंच उंची. बाजारातली दोन बाय चार प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असते, थर मोजताना ते लक्षात ठेवा. सोळा इंचांना अकरा थर लागतात, आठ नव्हे. गाठी असलेल्या फळ्या खाली घाला.

काँक्रीटचे पोकळ ब्लॉक कधीही नाही. ते वाकत नाहीत, कुरकुरत नाहीत, पूर्वसूचना न देता एकदम फुटतात. लाकूड निदान आवाज करतं.

पण या कामात चौकटींची एक अडचण आहे. ड्राइव्ह शाफ्टचे आतले बोल्ट काढायला चाक फिरवावं लागतं, एका जागेवरून सगळ्या बोल्टपर्यंत पाना पोचत नाही. चाक चौकटीवर टेकलं की फिरत नाही. त्यामुळे ते बोल्ट गाडी स्टँडवर आणि चाकं हवेत असतानाच काढा. चाक फिरवायचं, हँडब्रेक ओढायचा, बोल्ट सैल करायचा, ब्रेक सोडायचा. बोल्टच्या डोक्यातली खाच ग्रीस आणि मातीने भरलेली असते. आधी टोच्याने कोरून साफ करा, मग बिट हातोडीने ठोकून तळापर्यंत बसवा. नाहीतर खाच गोल होते, आणि गाडीखाली झोपून गोल झालेला बोल्ट काढणं यासारखी शिक्षा नाही. शाफ्ट सुटले की तारेने वर बांधून ठेवा, लोंबते सोडू नका.

मी स्टँडवरच काम करेन आणि चौकटी चाकांखाली बोटभर अंतर ठेवून सरकवून ठेवेन. स्टँड दगा देईल तर गाडी बोटभरच खाली येईल. चौकटीची खरी किंमत तिथे आहे.

उताराचं: लांबीत इंच म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. दाराकडे पाणी वाहावं म्हणून तसा ठेवलेलाच असतो. नाक आत, शेपूट दाराकडे ठेवलीत तर इंजिन उताराच्या दिशेने सरळ बाहेर येतं, पण डॉलीही उताराला लागते. तिच्या चाकांना ठोकळे लावल्याशिवाय पट्टा सोडू नका. स्टँडखाली १८ मिलिमीटरचे प्लायवूडचे चौकोन द्या, स्टँडच्या पायापेक्षा मोठे. फरशीच्या सांध्यावर किंवा भेगेवर स्टँडचा पाय नको. ड्राइव्हवेच्या डांबरावर हे काम करायचा विचारही नको, उन्हाळ्यात स्टँडचे पाय डांबरात रुततात, तेही चारही सारखे नाहीत.

---

स्टुटगार्टकर

इकडची रीत वेगळी आहे म्हणून लिहितो. जर्मनीत भाड्याच्या इमारतीतल्या गॅरेजमध्ये असं काम करायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, त्यामुळे लोक तासावर लिफ्ट भाड्याने देणाऱ्या वर्कशॉपमध्ये जातात. तुमच्याकडे तशी सोय असेल तर विचार करा, पण एक धोका तिथेही आहे आणि तो लिफ्टमुळे लोकांच्या ध्यानात येत नाही.

दोन खांबी लिफ्टवर गाडी चार हातांवर असते. ते चार हात तोल बघून लावलेले असतात, पण इंजिन असतानाच्या तोलाने. पाणसळ यांनी मांडलेला हिशोब इथे जास्त लागू पडतो. इंजिन निघालं की तोल पुढे सरकतो, आणि हात आधीच मागे झुकवून लावले असतील तर नाक खाली जाऊ लागतं. इंजिनचे बोल्ट काढण्याआधी नाकाखाली उंच खांबी टेकू लावा, किंवा मागची बाजू पट्ट्याने लिफ्टच्या हातांना बांधा. मी दोन्ही करायला सांगेन.

लिफ्टवर ९११ चढवताना अजून एक. जुन्या गाड्यांना हातांची रबरी बशी टेकायला सपाट पॅड नसतात. १९८९ च्या ९६४ पासून (९११ ची पुढची पिढी) ते आले. एससीला मागे ट्यूबची टोकंच.

---

सहा_सिलिंडर

घरीच करणार. सहा टनी स्टँड आणि प्लायवूड आणतो. ट्यूबच्या टोकांपाशी गंज आहे का ते कसं ओळखायचं? न्यू जर्सीचं मीठ या गाडीने बरंच खाल्लंय.

---

पाणसळ

१९७६ पासून या गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा आहे, पण जिथे आधी वेल्डिंग झालंय किंवा रबरी कोटिंग फुटलंय तिथे मीठ शिरतंच. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ट्यूबचं टोक आणि त्याच्या बाजूचा सिलचा (दाराखालच्या पोकळ पट्टीचा) आतला भाग ठोकत जा. खणखणीत आवाज यायला हवा. धप्प आवाज आला किंवा कोटिंगला फुगा दिसला तर तिथे टोच्या लावून बघा. टोच्या रुतला तर गाडी स्टँडवर घ्यायची नाही, आधी तिचं वेल्डिंग. भार घेतल्यानंतरही पाहा. दोन्ही दारं गाडी जमिनीवर असताना जशी लागत होती तशीच स्टँडवर लागायला हवीत. एक दार घासू लागलं तर बॉडी वाकतेय.

स्टँडवर बसली की खाली जाण्याआधी धक्का द्या. दाराच्या उंचीवर कंबर लावून आडवा, मग बंपरच्या जागेवरून लांबीत. जॅक तोवर किंचित खाली, पण जागेवरच. हलायचं असेल तर ती आताच हलू दे.

आता सुटं करायच्या गोष्टी, विसरल्या जातात त्या क्रमाने नव्हे, गोंधळ होतो त्या क्रमाने.

पेट्रोल आधी. के-जेट्रॉनिकमध्ये (या गाडीची पेट्रोल इंजेक्शनची यंत्रणा) पंप बंद केला तरी लाइनीत दाब राहतो, चालू असताना तो पाच बारच्या आसपास असतो. इंजिन पूर्ण गार, बॅटरीची ऋण बाजू काढलेली (बॅटरी पुढे आहे), जोडावर फडका गुंडाळून हळू सैल करा. आणि गॅरेजमध्ये गॅसवर चालणारा पाण्याचा हिटर असेल तर त्याची पायलट ज्योत आधी बंद करा. अमेरिकन घरांत तो गॅरेजातच असतो. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, तशीच हिटरपर्यंत जाते.

तेल दोन जागी आहे, संपमध्ये आणि उजव्या मडगार्डातल्या टाकीत. दोन्ही मिळून दहा लिटर तरी निघतं, एक बादली पुरत नाही. गरम असताना गाळा, पण मग गार व्हायला रात्रभर द्या आणि पेट्रोलचं काम दुसऱ्या दिवशी. टाकी आणि इंजिनमधल्या लाइनी सोडताना थ्रेड धरून बसले असतील तर दोन पाने लावा, एकाने समोरचं धरून. एकच पाना लावलात तर टाकीचं तोंड पिळवटतं, आणि ती टाकी स्वस्त नाही.

वायरींचा १४ पिनांचा मोठा जोड इंजिन-बेत डावीकडे. स्टार्टरची जाड केबल, रिव्हर्स स्विचच्या वायरी, गिअरबॉक्सवरचा स्पीडोमीटर सेन्सर. क्लच केबल. ॲक्सिलरेटरची दांडी. ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम नळी. हीटरच्या नळ्या दोन्ही बाजूंनी. मागचा अँटी-रोल बार वाटेत येतो, काढाच. एसीचा कंप्रेसर नळ्यांसकट सोडून कडेला बांधा, गॅसचे जोड उघडायची गरज नाही. गिअर रॉडचा सांधा मागच्या सीटांच्या मधल्या झाकणाखाली आहे. तो आतून सोडायचा असतो आणि बाहेरून कितीही पाहिलं तरी दिसत नाही.

---

उलटं_गणित

दोन इंच खाली येऊन इंजिन अडलं तर जोर लावू नका. नव्वद टक्के वेळा ती गिअरबॉक्सवरून बॉडीला गेलेली अर्थची पट्टी असते. काळी पडलेली, काळ्या पत्र्यासमोर, एका बोल्टची. मागचा माणूस जॅक खाली सोडत राहतो, जॅक इंजिनपासून सुटतो, आणि पावणेतीनशे किलो त्या पट्टीवर आणि उरलेल्या नळ्यांवर लोंबायला लागतात.

म्हणून जॅक सोडणाऱ्याने ठोकळा आणि केस यांच्यामधल्या फटीकडे बघत राहायचं. फट दिसली की लगेच बंद.

---

सहा_सिलिंडर

पट्टी दिसली. डाव्या बाजूने टॉर्च मारल्यावर. बोल्टला आत्ताच तेल सोडून ठेवलंय.